जुन्या रस्त्याचा पाया पुन्हा वापरायचाय? आधी त्यातली भुकटी तपासा

रस्त्याचं मजबुतीकरण मंजूर झालं की जुन्या थराबद्दल साइटवर दोन मतं हमखास ऐकू येतात. एक म्हणतो, "इतकी वर्षं दबलेला पाया आहे, उकरा, सारखा करा, वर डांबर मारा." दुसरा म्हणतो, "सगळी माती झालीय, हायवा लावा आणि टाकून द्या." दोघांनीही माल हातात घेतलेला नसतो. खडी दुरून आणावी लागते, क्रशरचे दर चढत जातात, म्हणून जुना माल वापरायची इच्छा रास्तच आहे. पण तो वापरायचा की नाही, आणि वापरायचा तर कोणत्या थरात, हे मोजून ठरतं. सार्वजनिक बांधकाम विभागात, जिल्हा परिषदेच्या बांधकामात किंवा कंत्राटदाराकडे क्वालिटीला नव्यानं लागलेल्यांसाठी हा लेख आहे. सीबीआर (थराची ताकद), प्रॉक्टर (दाबून मिळणारी घनता), पीआय (बारीक मालाचा चिकटपणा) या चाचण्या कॉलेजात केलेल्या आहेत असं धरून चालतो. त्या कुठल्या क्रमानं करायच्या आणि निकाल कसा वाचायचा, यावर इथे भर आहे.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. आपल्या भागातली काळ्या दगडाची खडी सहसा टिकलेली असते. जुना माल बिघडतो तो खडीच्या फटींत साचलेल्या भुकटीमुळे, आणि तोही पाणी लागल्यावर. त्यामुळे तपासणीचा क्रम भुकटीपासून सुरू करा. बहुतेक रिपोर्टांत खडीचा इम्पॅक्ट (ठोके देऊन ती किती फुटते) पहिल्या पानावर आणि पीआय शेवटच्या पानावर असतो. तो क्रम मला उलटा वाटतो.

आधी रस्त्याचे तुकडे पाडा

सांगली जिल्ह्यातला एकच रस्ता दहा किलोमीटरमध्ये दोन-तीन प्रकारच्या जमिनीवरून जाऊ शकतो. कृष्णा आणि वारणेच्या काठाला, म्हणजे वाळवा, पलूस आणि मिरजेच्या पश्चिम भागात, खोल काळी माती आहे. दोन्ही बाजूंना ऊस, पाटाचं पाणी, आणि कित्येक ठिकाणी क्षारपड झालेली जमीन. तिथे भूजल इतकं वर असतं की रस्त्याच्या पोटात ओल वर्षभर टिकते. आटपाडी, जत, कवठे महांकाळकडे गेलात की मुरूम आणि उथळ खडक लागतो. साताऱ्यातही तीच गत आहे. माण-खटाव कोरडे, कराडच्या आसपास पुन्हा काळी माती, आणि महाबळेश्वर-पाचगणीच्या माथ्यावर जांभा. एवढ्या फरकाच्या रस्त्याचा सरासरी सीबीआर काढून काहीच कळत नाही.

म्हणून खड्डा घेण्याआधी रस्ता चालत जा. साखळीनुसार, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनच्या अंतरानुसार, लिहीत जा: भराव आहे की खोदाई, शेत रस्त्यापेक्षा वर की खाली, गटर वाहतं की बुजलंय, मोऱ्या कुठे आहेत, साईडपट्टी उंच झाल्यानं पाणी डांबरावर थांबतं का, चाकोऱ्या कुठे खोल आहेत. ऊस कारखान्याकडे कुठल्या बाजूनं जातो तेही विचारा. भरल्या ट्रॉल्या एका दिशेनं जातात आणि रिकाम्या दुसऱ्या, त्यामुळे एक बाजू जास्त बसलेली दिसते. खड्डे दोन्ही बाजूंना घ्यायचे ते त्यासाठीच.

कागदही बघा. जुन्या एमबीत (मोजमाप पुस्तकात) सोलिंग (तळाचे मोठे दगड), खडीकरण, कार्पेट (डांबराचा पातळ थर) यांच्या तारखा आणि जाड्या सापडतात, निदान लिहिलेल्या तरी. पण त्यांच्यापेक्षा जास्त माहिती बहुधा जुन्या मैलकुलीकडे किंवा रस्त्यालगतच्या शेतकऱ्याकडे मिळते. कुठला तुकडा पुरात वाहून गेला होता, कुठे मुरूम टाकून वेळ मारून नेली, रुंदीकरण कुठल्या बाजूला झालं, हे त्यांना पाठ असतं. रुंदीकरणाचा मुद्दा मोठा आहे. पूर्वी 3 किंवा 3.75 मीटर असलेला रस्ता नंतर 5.5 मीटर झाला असेल, तर मधल्या भागाखाली सोलिंग असतं आणि वाढवलेल्या भागाखाली बऱ्याचदा नसतंच. वरून दोन्ही सारखेच काळे दिसतात.

या सगळ्यावरून रस्त्याचे एकसारखे तुकडे पाडा. पुढची प्रत्येक चाचणी आणि प्रत्येक निकाल तुकड्याच्या नावानं नोंदवायचा.

खड्डा कसा घ्यायचा

साधारण दर 500 मीटरला एक आणि प्रत्येक तुकड्यात निदान तीन खड्डे असावेत, एक डावीकडे तर पुढचा उजवीकडे. जागा बाहेरच्या चाकाच्या पट्ट्यात, कडेपासून पाऊण-एक मीटरवर. रुंदीकरण झालं असेल तर त्यातला एक-दोन वाढीव भागात. माप 1 मीटर बाय 1 मीटर, खोली जमिनीच्या थरात निदान 300 मिमी जाईपर्यंत. जेसीबीनं डांबर फोडून घ्या, पण त्यापुढे कुदळ-फावडं. जेसीबीचा दात सगळे थर एकत्र करतो आणि मग नमुना कुठल्या थराचा हे कुणालाच सांगता येत नाही.

खड्ड्याची एक भिंत सरळ तासून तिथे टेप लावून फोटो घ्या. जाडी चारही बाजूंना मोजा. मग बोटांनी काम करा. खडीच्या फटीतला बारीक माल चिमटीत घ्या, थोडं पाणी लावून मळा. वळी झाली, बोटाला चिकटली, तर त्यात माती आहे आणि प्रयोगशाळेत पीआय वर जाणार हे तिथेच कळतं. दाणेदार राहून सुटला तर कच किंवा चांगला मुरूम. सर्वांत खालचा भाग नीट बघा, कारण सोलिंगच्या दगडांमधून काळी माती वर घुसलेली असते. अशा ठिकाणी डब्ल्यूबीएमचे (वॉटर बाउंड मॅकॅडम, पाणी घालून दाबलेली खडी) खालचे 50-75 मिमी जमिनीचाच भाग समजा आणि वापरण्याच्या मालात धरू नका.

सोलिंगबद्दल वेगळं सांगतो. जुन्या रस्त्यांत 150 ते 230 मिमीचे हाताने रचलेले डबर सापडतात. जागेवरच रस्ता दळणारं रिक्लेमर मशीन वापरायचा विचार असेल तर हे दगड दात मोडतात. दात वाचले तरी दगड फुटत नाही, नुसता फिरतो. सोलिंग किती खोलीवर सुरू होतं हे प्रत्येक खड्ड्यात मोजा. वर 200 मिमी सुद्धा मोकळा थर मिळत नसेल तर जागेवर दळण्याची योजना तिथेच थांबवा आणि माल उकरून, चाळून, क्रशरला लावून पाहायचा पर्याय घ्या.

प्रत्येक थराची घनता सँड रिप्लेसमेंटनं (भोकात वाळू भरून मोजून) घ्या, ओलाव्याचा नमुना हवाबंद पिशवीत भरा. मुख्य नमुना दोन-तीन गोणी, म्हणजे शंभरेक किलो लागतो. प्रॉक्टर, सीबीआर आणि चाळणी एवढ्यातच जेमतेम होतं. गोणीच्या आत एक आणि बाहेर एक अशा दोन चिठ्ठ्या घाला: साखळी, बाजू, थर, खोली, तारीख. बाहेरची चिठ्ठी हमखास गळते.

डीसीपी आणि महिना

खड्ड्यांच्या मधल्या जागी डायनॅमिक कोन पेनेट्रोमीटर (डीसीपी, जमिनीत कोन ठोकून ताकद मोजणारं उपकरण) चालवा. 8 किलोचा हातोडा, 575 मिमी उंचीवरून पडतो, 60 अंशांचा कोन. काम सोपं, स्वस्त आणि दिवसभरात बऱ्याच जागा होतात. आयआरसी 37 (इंडियन रोड्स काँग्रेसचं रस्त्याच्या डिझाइनचं पुस्तक) मधल्या सूत्राप्रमाणे सीबीआर म्हणजे 292 भागिले (प्रति ठोका मिमी) चा 1.12 वा घात. हिशोब तोंडी ठेवा: प्रति ठोका 5 मिमी गेला तर सीबीआर 48 च्या आसपास, 10 मिमीला 22, 20 मिमीला 10, आणि 40 मिमीला 5 च्या आत. खडीच्या थरात कोन मोठ्या दगडावर बसला तर आकडा फुगतो. अशी जागा सोडून फूटभर बाजूला पुन्हा घ्या. खरा उपयोग खालच्या जमिनीसाठी आणि थर कुठे बदलतो ते शोधण्यासाठी.

कधी घेतला हे आकड्याइतकंच महत्त्वाचं. एप्रिल-मे महिन्यात काळी माती दगडासारखी टणक असते आणि डीसीपी छान निकाल देतो. तोच रस्ता सप्टेंबरात वेगळाच असतो. बेंकलमन बीमच्या मोजणीसाठी (चाकाखाली रस्ता किती लवतो ते) आयआरसी 81 पावसाळ्यानंतरचा काळ सुचवतं ते यामुळेच. उन्हाळ्यातच काम उरकायचं असेल तर डीसीपीचा आकडा डिझाइनला वापरू नका. जमिनीचा नमुना नेऊन चार दिवस पाण्यात ठेवलेला सीबीआर धरा, आणि फ्री स्वेल इंडेक्सही (माती पाण्यात किती फुगते) काढा. तो 50 टक्क्यांच्या वर गेला तर वरच्या थराची चर्चा नंतर. आधी त्या मातीचं काय करायचं ते ठरवा.

माल कुठल्या जातीचा

जुना डब्ल्यूबीएम किंवा जीएसबी (ग्रॅन्युलर सबबेस, बेसखालचा थर), म्हणजे खडी, कच आणि मुरूम, हा आपल्याकडे सर्वांत जास्त. दुसरा, मिलिंगनं खरवडलेला डांबरी माल, ज्याला आरएपी म्हणतात. तिसरा, दोन्हींची मिसळ. ग्रामीण रस्त्यावर वर्षानुवर्षांच्या कार्पेट-सीलकोटचे 50-60 मिमी आणि खालचा डब्ल्यूबीएम एकत्र उकरला की हाच मिळतो. चौथा, इमारती पाडल्याचा राडारोडा. त्यासाठी आयआरसी 121 हे वेगळं मार्गदर्शन 2017 मध्ये आलं, आणि बांधकाम व पाडकाम कचऱ्याचे केंद्राचे नियम 2016 मध्ये आले होते.

राडारोड्याबद्दल थोडक्यात. काँक्रीट वेगळं आणि वीट-प्लास्टर वेगळं करून मिळत असेल तरच पुढे जा. काँक्रीटची खडी पाणी जास्त पिते, त्यामुळे रोलरखाली पाणी जास्त लागतं. पीओपीचे तुकडे दिसले तर ढीग नाकारा. जिप्सममधलं सल्फेट पुढे सिमेंट घातल्यावर फुगवटा आणतं. वीट असेल तर इम्पॅक्ट आयएस (भारतीय मानक) 5640 प्रमाणे ओल्या अवस्थेत काढायची. जांभ्यालाही हाच नियम, पाचगणीकडच्या मित्रांनी लक्षात ठेवावं.

चाळणी, पीआय आणि एक हिशोब

चाळणी नेहमी धुऊन करा. सुक्या चाळणीत भुकटी खडीला चिकटून राहते आणि 75 मायक्रॉनखालचा आकडा निम्म्यावर येऊ शकतो. डांबर असलेला माल सुकवताना ओव्हन 110 अंशांवर ठेवू नका, 60 च्या आसपास ठेवा. जास्त तापवला तर डांबर मऊ होऊन दाणे एकमेकांना चिकटतात, आणि मग तुम्ही चाळता ते गोळे. आरएपीची चाळणी दोनदा करावी: एकदा आहे तसा, एकदा डांबर काढून. रस्त्याच्या पायात घालताना तो आहे तसाच गोळ्यांसकट वागतो, म्हणून पायासाठी पहिला आकडा धरायचा.

आता हिशोब. आकडे उदाहरणादाखल घेतलेत, पण असा माल ऊसपट्ट्यात सहज सापडेल. जुना डब्ल्यूबीएम उकरला. 4.75 मिमी चाळणीतून 48 टक्के जातो, 425 मायक्रॉनमधून 20 टक्के, 75 मायक्रॉनमधून 11 टक्के, पीआय 9. मॉर्थच्या (केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या) स्पेसिफिकेशनच्या पाचव्या आवृत्तीत वेट मिक्स मॅकॅडमला (पाणी मिसळून आणलेल्या खडीच्या थराला) 4.75 वर 25 ते 40, 75 मायक्रॉनवर 0 ते 5, आणि पीआय जास्तीत जास्त 6 लागतो. म्हणजे तिन्हीकडे नापास.

साइटवरचा पहिला उपाय ठरलेला: "नवी 40 एमएम खडी मिसळा." 70 टक्के जुना आणि 30 टक्के नवी खडी धरा. नव्या खडीचा 4.75 खालचा भाग 2 टक्के आणि 75 मायक्रॉनखालचा अर्धा टक्का. मिसळीत 4.75 खाली 34.2 टक्के, झकास बसलं. 75 मायक्रॉनखाली 7.9 टक्के, अजून जास्त. आणि पीआय? 9 च. पीआय 425 मायक्रॉनखालच्या मालावरच काढतात आणि त्या मालात मोठ्या खडीनं काहीच बदल केलेला नाही. मोठी खडी चिकट मातीचं प्रमाण कमी करते, तिचा चिकटपणा कमी करत नाही. हे नव्या अभियंत्यांकडून वारंवार सुटतं. रिपोर्टात "30 टक्के खडी मिसळल्याने पीआय सुधारेल" असं वाक्य दिसलं की लिहिणाऱ्यानं चाचणी केलेली नाही हे ओळखा.

पीआय उतरवायचा तर बारीक पण न चिकटणारा माल हवा, म्हणजे क्रशरची कच. तिचा 425 खालचा भाग 30 टक्के आणि 75 खालचा 10 टक्के धरू. जुना 60, खडी 25, कच 15 असं प्रमाण घ्या. 425 खाली आता जुन्याचे 12 आणि कचेचे 4.5, मिळून 16.5. चिकट भाग त्यातला 12, म्हणून पीआय ढोबळमानानं 9 गुणिले 12 भागिले 16.5, साडेसहाच्या आसपास. बरा झाला. पण 4.75 खाली 44.3 टक्के झाले, वरची मर्यादा ओलांडली, आणि 75 खाली 8.2. एक सुधारलं तर दुसरं बिघडलं.

अजून एक प्रयत्न: 50 जुना, 40 खडी, 10 कच. 4.75 खाली 34.8, पीआय ढोबळ 6.9, 75 खाली 6.7. निम्मा माल नवा घेऊनही वेट मिक्सच्या चौकटीत बसत नाही. जीएसबीलाही पीआय 6 आणि 75 मायक्रॉनखाली 5 टक्क्यांचीच मर्यादा आहे, तिथेही तोच अडसर. आता निर्णय घेता येतो. एक, उकरलेला माल 4.75 वर चाळून बारीक भाग टाकून द्यायचा आणि उरलेली खडी नव्या कचेबरोबर वापरायची. दोन, आहे त्या बारीक मालासकट सिमेंट घालून बांधायचा. तीन, साईडपट्टीला वापरायचा. तिन्हींचा खर्च काढा. एक किलोमीटर, 5.5 मीटर रुंद, 150 मिमी जाड म्हणजे दाबलेला 825 घनमीटर, सुमारे 290 ब्रास माल. त्यातला किती वाचतो आणि त्यासाठी किती चाळावा लागतो, यावर उत्तर ठरतं.

ढोबळ पीआय फक्त प्रमाण निवडायला. निवडलेल्या मिसळीवर लिक्विड लिमिट आणि प्लास्टिक लिमिट प्रत्यक्ष काढल्याशिवाय काही लिहू नका.

खडीचा दगड

आपला काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, आणि ताजा घट्ट बेसॉल्ट उत्तम. पण दख्खनच्या लाव्ह्याच्या थरांमध्ये छिद्राळ, पांढऱ्या-हिरवट खड्यांनी भरलेला दगड आणि लाल गेरूसारखे पट्टेही आहेत. अशा दगडात आतून चिकणमातीची खनिजं तयार झालेली असतात. कोरड्या इम्पॅक्टला तो पास होतो आणि दोन-चार पावसाळ्यांत सुटतो. जुन्या रस्त्यात तो सुटून झालाच असेल, म्हणून खड्ड्यातली खडी फोडून आतला रंग बघा. इम्पॅक्ट वेट मिक्सला 30 च्या आत, जीएसबीला 40 च्या आत. पाणी शोषण 2 टक्क्यांवर गेलं तर साउंडनेस (टिकाऊपणाची चाचणी) करा: सोडियम सल्फेटचे पाच फेरे, घट 12 टक्क्यांच्या आत. मॅग्नेशियम सल्फेट वापरलं तर मर्यादा 18.

आरएपीतल्या खडीवर डांबर असताना इम्पॅक्ट काढला तर निकाल खोटा चांगला येतो, कारण डांबर धक्का पिऊन घेतं. डांबर काढून मगच करा.

प्रॉक्टर, सीबीआर आणि आरएपीचा खोडसाळपणा

मॉडिफाइड प्रॉक्टर 150 मिमीच्या साच्यात करा. सीबीआरच्या साच्यात 19 मिमीवरचा माल काढून बदली माल घालतात, त्यामुळे जाड खडीच्या मिसळीचा सीबीआर हा फक्त अंदाज असतो हे ध्यानात ठेवा. जीएसबीला 98 टक्के घनतेवर, चार दिवस भिजवलेला 30 सीबीआर लागतो. भिजवताना फुगवटा मोजायला विसरू नका. मी तर सीबीआरइतकाच तो आकडा बघतो. जुना माल चार दिवसांत फुगत असेल तर त्यात माती आहे, मग सीबीआर कितीही येवो. एक जास्तीचा साचा न भिजवताही करून बघा. भिजलेला सीबीआर कोरड्याच्या निम्म्याहून खाली पडला तर असा माल मी पाटाच्या पाण्याजवळ वापरणार नाही.

आरएपी मिसळला की सीबीआर उतरतो. दाणे डांबरानं गुळगुळीत असतात, एकमेकांत अडकत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे सतत वजन राहिलं की तो हळूहळू सरकतो, उन्हात ठेवलेल्या गुळासारखा. सीबीआर ही काही मिनिटांची चाचणी, तिला हे सरकणं दिसत नाही. आपल्याकडे मे महिन्यात तापमान चाळिशीला टेकतं आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या कारखान्याच्या रांगेत तासन्‌तास उभ्या असतात. म्हणून सिमेंट-डांबरानं न बांधलेल्या पायात मी आरएपी निम्म्याहून जास्त घेत नाही, आणि कारखान्याच्या फाट्याजवळ तर मुळीच नाही. निव्वळ मिलिंगचा चांगला माल असेल तर त्यातल्या डांबराला किंमत आहे. तो हॉटमिक्स प्लांटला जाऊ द्या किंवा इमल्शननं (पाण्यात मिसळलेल्या डांबरानं) बांधा. आयआरसी 120 त्यासाठीच आहे.

बांधायचं तर कशानं

सिमेंटसाठी 7 दिवसांची दाबशक्ती बघतात. आयआरसी 37 च्या 2018 च्या आवृत्तीत सिमेंट घातलेल्या सबबेसला 1.5 ते 3 एमपीए आणि बेसला 4.5 ते 7 एमपीए. वरची मर्यादाही मर्यादाच आहे. जास्त सिमेंट म्हणजे जास्त तडे, आणि ते तडे डांबरात वर येतात. सिमेंटच्या बेसवर थेट डांबर टाकायचं नाही. मध्ये 100 मिमी वेट मिक्सचा किंवा ताण शोषणारा सामी थर हवा. पीआय 10 च्या वर असेल तर सिमेंटपेक्षा आधी चुन्याचा विचार करा.

इमल्शन किंवा फोम्ड बिटुमेननं (फेसाळलेल्या डांबरानं) बांधलेल्या आरएपीला अप्रत्यक्ष ताणशक्ती कोरडी 225 आणि भिजवलेली 100 किलोपास्कल लागते, आणि डिझाइनला 800 एमपीए धरतात. इथेही भिजवलेला आकडा आधी वाचा. 1 टक्क्याच्या आसपास सिमेंट सोबत घातलं तर तो सुधारतो.

दोन स्थानिक धोके पुस्तकात ठळकपणे सापडणार नाहीत. पहिला क्षारपड. अशा जमिनीतून जाणाऱ्या रस्त्याच्या मालात आणि लगतच्या विहिरीच्या पाण्यात सल्फेट असू शकतं. सिमेंटनं बांधायच्या मालात सल्फेट 0.2 टक्क्यांच्या वर नको, आणि पाण्यात आयएस 456 प्रमाणे लिटरला 400 मिलिग्रॅमच्या वर नको. टँकरवाला कुठल्या विहिरीतून भरतो हे विचारा आणि त्या विहिरीचा नमुना पाठवा. दुसरा धोका साखरेचा. साखर सिमेंटचं घट्ट होणं लांबवते. कारखान्याच्या परिसरात, जिथे मळी किंवा सांडपाणी रस्त्यावर येतं, तिथला नमुना वेगळा घ्या आणि दाबशक्तीचे ठोकळे त्याचे वेगळे पाडा.

रस्त्यावर उतरताना

प्रयोगशाळेत पास झालं तरी आधी शंभर-दोनशे मीटरचा चाचणी तुकडा करा, आणि तो ठरवलेल्या सर्वांत वाईट तुकड्यावर. तिथे रोलरच्या फेऱ्या, पाणी आणि जाडी ठरवा. व्हायब्रेटरी रोलरलाही एका वेळी 200 मिमीपेक्षा जास्त जाडी देऊ नका. सिमेंटचा माल मिसळल्यापासून साधारण दोन तासांत दाबून झाला पाहिजे, मग 7 दिवस ओला ठेवायचा. दाबल्यानंतर पुन्हा चाळणी करा. रोलरखाली खडी फुटून भुकटी वाढते आणि काठावर पास झालेली मिसळ नापास होऊ शकते.

घनता सँड रिप्लेसमेंटनं, 98 टक्के. न्यूक्लिअर गेज वापरत असाल तर आरएपीत तो ओलावा जास्त दाखवतो, कारण त्याला डांबरातला हायड्रोजनही पाण्यासारखाच दिसतो. ओलावा ओव्हनमध्येच ताडून बघा. शेवटी भरलेला डंपर सावकाश चालवा आणि चाकामागे बसून बघा. जिथे थर लवतो, तिथे खाली काय आहे ते खणल्याशिवाय पुढे जाऊ नका.

साईडपट्टी आणि गटराचं काम एस्टिमेटमध्ये आहे का, हे याच टप्प्यावर तपासा. बाजूचं शेत वर आणि रस्ता खाली राहणार असेल तर या लेखातल्या सगळ्या मर्यादा एक पायरी कडक धरा.

रिपोर्ट

डेप्युटी साहेब रिपोर्ट उघडून एकच विचारतात, "किती वापरता येतो?" त्याचं उत्तर पहिल्या पानावर तक्त्यात द्या: साखळी कुठून कुठे, उपलब्ध जाडी, कुठल्या थरात वापरायचा, त्याआधी काय करायचं (चाळणी, मिसळ, सिमेंट किंवा इमल्शन), आणि कुठला तुकडा पूर्ण टाकून द्यायचा. "टाकून द्यायचा" लिहायला कचरू नका. दहा किलोमीटरमधले दोन किलोमीटर नाकारले म्हणून योजना बारगळत नाही, बाकीचे आठ बिनधास्त वापरता येतात. तक्त्याच्या प्रत्येक ओळीसमोर खड्ड्याचा क्रमांक असावा आणि मागे त्या खड्ड्याचा टेप लावलेला फोटो.

प्रत्येक खड्ड्यातला वीसेक किलो माल चिठ्ठीसकट सीलबंद करून ठेवा, दोषदायित्वाचा कालावधी संपेपर्यंत. गोदामात जागा नाही असं कुणीतरी म्हणेलच. ड्रमात भरून प्रयोगशाळेच्या मागे ठेवा, पण पत्र्याखाली.